ओले अंथरूण आणि अबोल मूल

गेल्या महिन्यात ह्या सदरात आपण मुलांच्या झोपेच्या वेळांचा विचार केला. त्याच ओघात आणखी एक विषय पुढे येतो, परंतु त्याविषयी आईबाप एकमेकांशीदेखील मोकळेपणाने बोलत नाहीत. मूल सहा वर्षांचे झालेले असते, शाळेत जाऊ लागलेले असते, पाढे म्हणत असते. आणि तरीही आठवड्यातून दोन-चार रात्री त्याचे अंथरूण ओले होते. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून गादी आतल्या खोलीत वाळत घातली जाते. सुटीत आजोळी जाण्याचा बेत काही ना काही निमित्ताने पुढे ढकलला जातो. मूल मात्र सकाळी उठून, कोणाकडे न पाहता, मुकाट्याने कोपऱ्यात उभे राहते. गादी वाळते, पण मुलाच्या मनात बसलेला ओशाळेपणा इतक्या सहजासहजी जात नाही. म्हणून आजचा विषय हाच.

सर्वप्रथम एक गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. हा प्रकार अतिशय सामान्य आहे. पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे 15 मुलांचे अंथरूण रात्री ओले होते. सात वर्षांच्या शंभर मुलांत अशी 5 ते 10 मुले आढळतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. पाच वर्षांच्या आत तर वैद्यकशास्त्र ह्यास विकार मानीतच नाही. पुढे कोणताही उपचार न करता दर वर्षी अशा शंभर मुलांपैकी सुमारे 15 मुले आपोआप कोरडी राहू लागतात. चाळीस मुलांच्या वर्गात आपल्या मुलासारखी आणखी दोन-तीन मुले बसलेली असण्याचा पुष्कळच संभव आहे. फक्त त्यांच्याही घरी गादी आतल्याच खोलीत वाळत असते!

हा प्रश्न आजकालच्या राहणीतून निघालेला आहे, असेही नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ईजिप्तमधील एबर्स पपायरस ह्या वैद्यकीय लेखात त्याची नोंद सापडते. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांच्या यादीत ‘शय्यामूत्र’ असे त्याचे नाव येते. एवढ्या प्राचीन काळापासून चालत आलेली गोष्ट आपल्याच घरात घडली म्हणून कोणीही खाली मान घालण्याचे कारण नाही.

असे का होते?

निरोगी माणसाच्या शरीरात रात्री व्हासोप्रेसिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार होते. त्यामुळे मूत्रपिंडे रात्री कमी लघवी तयार करतात आणि आपण सकाळपर्यंत निर्धास्त झोपतो. काही मुलांत ही रात्रीची व्यवस्था उशिरा सुरू होते, आणि दिवसाइतकीच लघवी रात्रीही तयार होत राहते. दुसरे कारण मूत्राशयाचे. मुलाच्या वयात एक मिळवून 30 ने गुणले म्हणजे त्याच्या मूत्राशयात किती मिलिलिटर लघवी मावेल ह्याचा अंदाज येतो. सहा वर्षांच्या मुलात ती 210 मिलिलिटर, म्हणजे साधारण एक फुलपात्रभर मावावयास हवी. काही मुलांत मूत्राशय त्याहून कमी भरले असतानाच आकुंचन पावू लागते. तिसरे कारण झोपेचे. मूत्राशय भरल्याची सूचना मेंदूपर्यंत पोहोचते, परंतु मूल काही जागे होत नाही. ह्या तिहींपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की अंथरूण ओले झालेच.

ह्यात आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असल्यास मुलाला तो होण्याचा संभव शेकडा 44 असतो, दोघांनाही असल्यास शेकडा 77, आणि दोघांनाही नसल्यास शेकडा 15. तेव्हा मुलावर रागावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी आपापले बालपण आठवून पाहणे बरे. घरातल्या एखाद्या काकांनी किंवा मामांनी मुलाला जवळ घेऊन, “अरे, मलाही आठव्या वर्षापर्यंत असेच व्हायचे, आणि पुढे ते आपोआप थांबले,” एवढे जरी सांगितले, तरी त्याच्या मनावरचा भार पुष्कळच हलका होतो.

‘केली’ आणि ‘झाली’

वरील तिन्ही कारणांत आळस, हट्ट किंवा खोडसाळपणा ह्यांना कोठेही जागा नाही. जे घडते ते झोपेत घडते, आणि झोपेत घडलेल्या गोष्टीवर मुलाचा ताबा नसतो. परंतु आपली रोजची भाषा हे विसरते. “आज पुन्हा गादी ओली केलीस?” असे आपण सहज विचारतो. ह्या वाक्यात मूल कर्ता ठरते, आणि कर्ता ठरले की अपराधीही ठरते. त्याऐवजी “गादी ओली झाली आहे, चल, आपण चादर बदलू,” असे म्हटले तर घटना तीच राहते, पण मुलावरचा आरोप नाहीसा होतो. मराठीने ‘करणे’ आणि ‘होणे’ ही दोन क्रियापदे आपल्याला दिलेली आहेत. त्यांतले खरे कोणते ते पाहून वापरावे. मूल भाषेतला हा फरक आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर ओळखते.

रागावणे, मारणे, पाहुण्यांसमोर हिणवणे, भावंडांना चिडवू देणे, ओली चादर सर्वांदेखत हातात धरून उभे करणे, ह्यांपैकी कशानेही अंथरूण कोरडे राहिल्याचा अनुभव नाही. उलट मूल भयभीत होते, झोपावयास घाबरते आणि बोलेनासे होते. क्वचित काही घरांतून तापलेल्या पळीचा धाक दाखविला जातो, किंबहुना चटकाही दिला जातो. ही शुद्ध क्रूरता होय. ती घडताना दिसल्यास घरातील जाणत्या माणसाने मध्ये पडून थांबविलीच पाहिजे.

तीळ आणि गूळ खाऊ घालण्याचा उपाय आपल्याकडे आजीबाई आवर्जून सुचवितात. तीळगूळ हा उत्तम खाऊ आहे, तो मुलाला अवश्य द्यावा. परंतु त्याने अंथरूण कोरडे राहील अशी आशा मात्र बाळगू नये.

दिवसापासून सुरुवात

प्रश्न रात्रीचा असला तरी त्यावरचा उपाय सकाळी सुरू होतो. पुष्कळ घरांतून संध्याकाळनंतर मुलाचे पाणी तोडतात. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारणे कधीही योग्य नाही. पाहावयाचे ते हे की, मूल दिवसा पुरेसे पाणी पिते काय? बहुधा पीत नाही. शाळेतील शौचालय अस्वच्छ असते, कडी लागत नसते किंवा तासाच्या मध्ये उठू देत नाहीत. म्हणून मूल शाळेत पाणीही पीत नाही आणि लघवीलाही जात नाही. घरी आल्यावर त्याची सारी तहान उफाळून येते आणि संध्याकाळी ते तांब्याच्या तांब्या रिकामा करते. रात्री काय होणार, ते मग सांगावयास नकोच.

तेव्हा दिवसभराच्या पेयांचे पाच वाटे कल्पावेत. दोन वाटे दुपारपर्यंत, दोन वाटे दुपारपासून पाच वाजेपर्यंत, आणि उरलेला एक वाटा त्यानंतर. दप्तरात पाण्याची बाटली द्यावी आणि ती रिकामी होऊन आली की शाबासकी द्यावी. दर दोन-तीन तासांनी, म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा, लघवीला जाण्याची सवय लावावी. वर्गशिक्षकांना किंवा बाईंना एकांतात भेटून, मुलाला मागेल तेव्हा जाऊ देण्याची विनंती करावी. शाळेत शौचालय नीट नसेल तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे जाण्यासही संकोच करू नये. तो प्रश्न तुमच्या एकट्याच्या मुलाचा नाही.

आपल्याकडे रात्रीची जेवणे उशिरा होतात. नऊ-साडेनऊला पान वाढले जाते आणि दहाला मूल अंथरुणात असते. मुलाचे जेवण तरी झोपण्याच्या दोन तास आधी उरकावे. रात्रीच्या पानात पापड, लोणचे, तळलेले, खारवलेले पदार्थ असले की तहान लागते. ते दिवसा द्यावेत. ताक, कढी, सार, कलिंगड हेही दुपारीच बरे. झोपतानाचा दुधाचा पेला संध्याकाळी खेळून आल्यावर द्यावा. चहा, कॉफी आणि कोलासारखी पेये मुलांना एरवीही नकोतच. संध्याकाळी तर मुळीच देऊ नयेत.

आणखी एका गोष्टीकडे बहुतेक पालकांचे दुर्लक्ष होते, ती म्हणजे बद्धकोष्ठ. मलाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असते. ते भरलेले राहिले की मूत्राशयावर दाब पडतो आणि त्याची जागा कमी होते. मुलाला दररोज साफ शौचास होते की नाही ह्याची चौकशी करावी. पालेभाज्या, फळे, भाकरी, डाळी आणि पाणी ह्यांनी काम भागले तर उत्तमच. न भागल्यास डॉक्टरांकडून औषध घ्यावे. कित्येकदा बद्धकोष्ठ बरे होताच अंथरूणही कोरडे राहू लागते.

रात्रीची तयारी

झोपण्यापूर्वी मुलाला लघवीला पाठवावे, मग गोष्ट सांगावी, आणि दिवा मालविण्याच्या वेळी पुन्हा एकदा पाठवावे. रात्री उठून जाणे मुलाला सोपे आहे काय, हेही पाहावे. वसाहतीतील क्वार्टरमध्ये शौचालय मागल्या अंगणात असते. चाळीत ते व्हरांड्याच्या टोकाला असते. वाटेत काळोख असतो. मच्छरदाणीची कड गादीखाली घट्ट खोचलेली असते. उत्तरेकडे थंडीच्या दिवसांत रजईतून बाहेर निघणे मोठ्यांच्याही जिवावर येते. अशा वेळी मंद दिवा ठेवावा, मुलाचे अंथरूण कडेला घालावे, आणि जरूर तर खोलीतच एखादे भांडे ठेवावे.

अंथरूण घालण्याचीही एक सोयीची रीत आहे. गादीवर मेणकापड किंवा रबरी चादर, तिच्यावर सुती चादर, आणि तिच्यावर पुन्हा मेणकापड व सुती चादर घालावी. रात्री वरचा जोड ओला झाला की तेवढाच काढून घ्यावा. खाली कोरडे अंथरूण तयारच असते. पावसाळ्यात, आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा, ह्या रीतीचे महत्त्व विशेष कळते. आईची झोपमोडही कमी होते आणि, महत्त्वाचे म्हणजे, तिचा रागही कमी होतो. सकाळी मुलाला अंघोळ घालून स्वच्छ कपडे द्यावेत, म्हणजे अंगाला वास राहत नाही आणि शाळेत कोणी नाके मुरडीत नाही. चादर काढण्यास मुलाने हातभार लावावा. मात्र ते घरचे काम म्हणून, शिक्षा म्हणून नव्हे.

काही पालक मध्यरात्री मुलाला उचलून लघवीला नेतात. त्याने त्या रात्रीपुरते अंथरूण कोरडे राहते, परंतु झोपेतच नेलेले मूल त्यातून काही शिकत नाही. न्यावयाचेच असेल तर त्याला पूर्ण जागे करून, स्वतःच्या पायांनी चालत जाऊ द्यावे. लघवी दाबून धरण्याचा सराव मात्र मुलाकडून करवून घेऊ नये.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन आठवडे नोंद ठेवावी. कोणत्या रात्री अंथरूण ओले झाले, दिवसा लघवीला किती वेळा जाणे झाले, शौचास झाले की नाही, एवढे पुरे. पुढे डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर ही नोंद फार उपयोगी पडते. बक्षीस द्यावयाचे असल्यास ते मुलाच्या हातातील गोष्टींसाठी द्यावे: दिवसा पाणी पिण्यासाठी, झोपण्यापूर्वी आठवणीने जाऊन येण्यासाठी, चादर बदलण्यास मदत करण्यासाठी. कोरड्या रात्रीसाठी बक्षीस लावले की ओल्या रात्री मुलाला ते हरल्यासारखे वाटते.

गजराचे यंत्र आणि औषधे

एवढे करूनही सहा-सात वर्षांच्या पुढील मुलात फरक पडला नाही, आणि मुलालाही त्याचे वाईट वाटत असेल, तर पुढील उपचार उपलब्ध आहेत. त्यांतील पहिल्याचा इतिहास मनोरंजक आहे. 1904 साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयात एक विजेची घंटा बसविली. अंथरूण ओले झाल्याचे परिचारिकेला लगेच कळावे एवढाच तिचा हेतू होता. परंतु काही काळाने असे आढळले की, घंटेमुळे मुलेच कोरडी राहू लागली आहेत! 1938 साली अमेरिकेतील माउरर दांपत्याने ह्याच तत्त्वावर पद्धतशीर उपचार मांडला. आजचे यंत्र लहान असते. त्याचा एक भाग मुलाच्या चड्डीला लावतात. पहिले थेंब पडताच गजर होतो, मूल जागे होते आणि उठून उरलेली लघवी बाहेर जाऊन करते. हळूहळू गजर होण्यापूर्वीच त्याला जाग येऊ लागते, किंवा ते सकाळपर्यंत कोरडे झोपते.

ह्या उपायाने सुमारे दोन तृतीयांश मुलांना गुण येतो. मात्र धीर लागतो. पहिले काही आठवडे गजराने सारे घर जागे होते आणि मूल तेवढे गाढ झोपलेले असते. त्याला हलवून उठवावे लागते. दोन-तीन महिने नेटाने वापरावे, आणि लागोपाठ 14 रात्री कोरड्या गेल्यावर थांबवावे. एकाच खोलीत पाच माणसे झोपत असतील, तर सर्वांशी आधी बोलून, सर्वांची तयारी असेल तरच हा उपाय हाती घ्यावा.

1967 साली तयार झालेले डेस्मोप्रेसिन हे औषध व्हासोप्रेसिनचे काम करते. लग्नकार्य, शाळेची सहल ह्यांसारख्या प्रसंगी त्याचा चांगला उपयोग होतो. काही मुलांना ते अधिक काळही देतात. ते बंद केल्यावर त्रास पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. औषध घेण्याच्या एक तास आधीपासून पुढे आठ तासांपर्यंत पाणी पिणे जवळजवळ बंद ठेवावे लागते. अन्यथा रक्तातील क्षार घटून धोका होऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीवाचून कदापि देऊ नये. शेजारच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला आणून देणे तर सर्वथा वर्ज्य होय.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मूल दिवसाही कपडे ओले करीत असेल; लघवी करताना दुखत असेल, धार बारीक असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा ताप येत असेल; कपड्यांत शौच होत असेल; मूल रोज घोरत असेल; पायांत अशक्तपणा वाटत असेल किंवा पाठीच्या खालच्या टोकाला खळगा वा केसांचा पुंजका दिसत असेल, तर वाट पाहू नये. फार तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. लघवीची साधी तपासणी पुष्कळ काही सांगून जाते.

सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्याचा विचार वेगळा करावा. लघवीतील जंतुदोष, बद्धकोष्ठ, मधुमेह ह्यांची तपासणी करावीच, पण मुलाच्या मनाचीही विचारपूस करावी. घरात नवे बाळ आले आहे काय? आईवडिलांत बेबनाव आहे काय? आपल्या वाचकांपैकी अनेकांची नोकरी बदलीची. नागपूरहून भिलाईला, पुण्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलते. मोठ्यांना नवी जागा मिळते, आणि मुलाला नवी शाळा, नवी भाषा आणि एकही मित्र नाही. हे ओझे ते दिवसा कोणापाशी बोलून दाखवीत नाही. कधी शाळेत कोणी त्रास देत असते. क्वचित एखाद्या मोठ्या माणसाने त्याच्याशी दुर्वर्तन केलेले असते. शांतपणे विचारावे, आणि मूल सांगेल ते खरे मानून ऐकावे. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

प्रवास आणि वसतिगृह

ह्या त्रासापायी मुलाला आजोळ, सहल किंवा लग्नघर ह्यांना मुकवू नये. आगगाडीत खालचा बाक घ्यावा, मेणकापड व जास्तीचे कपडे हाताशी ठेवावेत, आणि यजमानांपैकी एकाच विश्वासू माणसाला आधी कल्पना द्यावी.

वसतिगृहाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नवोदय विद्यालयांत मूल सहावीत, म्हणजे दहा-अकराव्या वर्षी, घर सोडून राहावयास जाते. प्रवेश मिळूनही केवळ ह्या भीतीने तो नाकारणारे मूल असू शकते, आणि तेवढ्यासाठी त्याचे शिक्षण अडावे हे कोणालाही रुचणार नाही. जाण्यापूर्वी चार-सहा महिने उपचार सुरू करावेत. वसतिगृह-प्रमुखांना एकांतात सांगावे, पलंग शौचालयाजवळचा मागावा, आणि चादर कोठे ठेवावयाची, कोणाला सांगावयाचे, हे मुलाबरोबर आधीच ठरवावे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, हे शाळेलाही ठाऊक असते. पालकांनीही ठाऊक ठेवावे.

पालकहो, ह्यातील कोणताही उपाय एका रात्रीत फळणार नाही. काही आठवडे, कधी काही महिने लागतील. मध्ये आठ रात्री कोरड्या जाऊन नवव्या रात्री पुन्हा चादर बदलावी लागेल. त्या नवव्या सकाळी मुलाचे लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे असते. अंथरूण बहुतेक सर्व मुलांचे केव्हा ना केव्हा कोरडे होते. तोवर मूल मोकळेपणाने बोलते, हसते आणि आपल्या घरात निर्धास्त झोपी जाते की नाही, एवढे पाहणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.